नदीकाठी पाहुणे येणार : गावाने आधी काय ठरवावे?

(वैनगंगा खोऱ्यातील शेतकऱ्यांसाठी सल्ला-पत्रक)



धानावरचा तुडतुडा, गादमाशी, करपा याबद्दल आपण कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठाने सध्या एका नव्या पिकाची चर्चा चालू आहे. हे पीक पेरावे लागत नाही, ते आपल्या पायांनी चालत येते, म्हणजे खरे तर मोटारीने येते. ते पीक म्हणजे पर्यटक.

एका गावात हा विषय काढला तेव्हा एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "साहेब, धान सोडून आता पाहुणे पेराचे का जी?" प्रश्न थट्टेचा वाटतो, पण आहे मुद्द्याचा. त्याचेच उत्तर या पत्रकात दिले आहे.

हा विषय आत्ताच कशासाठी?

गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. पवनी तालुक्यात वैनगंगा अडली आणि पाणी मागे भंडाऱ्यापर्यंत, अंभोऱ्यापर्यंत चढले. अंभोऱ्याला नदीवर मोठा केबलचा पूल झाला आणि २०२४ च्या जानेवारीत तो सुरू झाला. त्याच वर्षी गोसीखुर्द जलाशयावरच्या जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, इकडे कोका अभयारण्य आणि नागझिरा आहे. नागपूरसारखे मोठे शहर साठ-सत्तर किलोमीटरवर. म्हणजे पाहुणा येणार की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. तो येऊ लागला आहे.

प्रश्न एवढाच आहे की तो कोणाच्या नियमाने येणार.

धरणाच्या वेळी हजारो कुटुंबांची शेते गेली, घरे गेली, देवळे पाण्याखाली गेली. तो निर्णय वरून आला होता. आता त्याच पाण्याकाठी उरलेल्या जमिनीला भाव येतो आहे. या वेळी पुष्कळसे निर्णय आपल्या ग्रामसभेच्या हातात आहेत. पण बाहेरचा माणूस जमीन घेऊन कुंपण घालून बसला की ते हातचे जातात. म्हणून पाऊस पडण्याआधी जशी बांधीची धुरे नीट करतो, तशी ही तयारी आधी करायची आहे.

१. पाहुणा हे जोडपीक आहे, मुख्य पीक नव्हे

ही गोष्ट पहिल्याने मनात पक्की करावी. त्याला दाखला आपल्याच तालुक्यातला आहे.

नागझिऱ्यातून 'जय' नावाचा वाघ २०१३ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला. देखणा वाघ, मोठा वाघ. त्याला पाहायला लांबलांबून माणसे आली. जिप्सीवाल्यांना, गाईडांना, चहाच्या टपऱ्यांना कामधंदा मिळाला. २०१६ च्या एप्रिलनंतर जय दिसेनासा झाला, तो पुन्हा दिसलाच नाही. एका वाघाच्या नावावर येणारी गर्दी त्या वाघाबरोबर ओसरते.

दुसरा दाखला. २०२४ च्या अखेरीस याच अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवले. चित्रफीत सगळीकडे पसरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती गाड्यांच्या चालकांवर आणि गाईडांवर. पाहुण्याने "अजून जवळ घ्या" म्हटले आणि आपण घेतले, तर पाहुणा संध्याकाळी घरी जातो आणि रोजी जाते ती आपली.

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा देशभर पर्यटन बंद पडले, पण धान पिकलेच. म्हणून धुऱ्यावर जशी तूर लावतो तसा पाहुण्यांचा धंदा करावा. तूर आली तर चार पैसे जास्त, नाही आली तरी बांधीतला धान उभा आहे. बांधी बुजवून पाहुण्यांसाठी खोल्या बांधणे आणि त्यासाठी कर्ज काढणे हा सल्ला मी कोणाला देणार नाही.

२. गाव किती पाहुणे पेलेल?

कुरणात किती जनावरे चारावीत याचा हिशेब असतो. जास्त सोडली तर गवत मुळासकट जाते आणि पुढच्या साली जनावरेही उपाशी राहतात. पाहुण्यांचेही तसेच आहे. प्रत्येक गावाची पेलण्याची एक ताकद असते. तो आकडा गावाने स्वतः बसून काढावा.

हिशेब पाण्यापासून सुरू करावा. ग्रामीण नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. शहरात माणशी १३५ लिटर धरतात. शहरातला पाहुणा गावात आला तरी त्याची सवय शहराचीच असते. समजा एका रात्री गावात २० पाहुणे राहिले. त्यांना २,७०० लिटर पाणी लागेल. तेवढ्यात गावातल्या ४९ माणसांचे दिवसाचे पाणी भागते. डिसेंबरात हे जमेल. एप्रिल-मे महिन्यात हातपंप कोरडा खडखडतो तेव्हा जमेल काय? जमत नसेल तर उन्हाळ्याचा आकडा वेगळा ठेवावा.

पाण्यानंतर आणखी तीन गोष्टी मोजाव्यात :

* रविवारी येणाऱ्या गाड्या बैलबंडीचा रस्ता न अडवता कुठे उभ्या राहतील, आणि किती?
* दिवसभर थांबणाऱ्या माणसांसाठी, विशेषतः बायांसाठी, स्वच्छ संडास किती आहेत?
* स्वयंपाक, झाडलोट, वाट दाखवणे यासाठी गावात रिकामे हात किती आणि कोणत्या महिन्यात?

या चारही हिशेबांत जो आकडा सर्वांत लहान येईल, तोच गावाचा आकडा.

आकडा ठरवला तर पाहुणे रुसतात, असे कोणी म्हणेल. सातारा जिल्ह्यातले कास पठार पाहा. २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले आणि फुले पाहायला झुंबड उडाली. फुले तुडवली जाऊ लागली तेव्हा दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली गेली. आसपासच्या गावांच्या समित्या शुल्क घेतात, देखरेख करतात. लोक आधी नोंदणी करून येतात. मर्यादेमुळे कासचे नाव कमी झाले नाही.

आणि पाहुणचार आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. घरोघर सोयरे उतरतात, रात्रभर दंडार नाही तर नाटक चालते. एवढी माणसे गाव पेलते. पण मंडई एकदोन दिवसांची असते. रोज मंडई भरली तर घरातल्या बाईचे काय होईल, हे तिलाच विचारून आकडा ठरवावा. म्हणून या बैठकीत बाया असल्याच पाहिजेत.

३. जागा कुठे निवडावी?

पाण्याला लागून झोपडी बांधली की पाहुणा खूश होतो. नदीही तिथे येते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर आपण विसरलो नाही. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचे पाणी सुटते, इकडे पाऊस चालू असतो, आणि पाणी भंडारा शहरातल्या घरांत शिरते.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटी पाळून काही कामे करता येतात. आपल्या गट नंबरातून या रेषा कुठून जातात ते खात्याच्या नकाशावर पाहून घ्यावे, मगच खुंटी ठोकावी.

जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ही कसणाऱ्याची रोजी आहे. तिथे गाड्यांचा तळ करू नये. मामा तलावाच्या पाळीवर टपऱ्या बसवू नयेत. पाळ खचली तर खालच्या सगळ्या बांध्यांचे ओलित जाते. तलावात हिवाळ्यात तलवार बदक, चक्रवाक, लालसरी असे पाहुणे पक्षी उतरतात. ते पाहायला माणसे येणार असतील तर तलावाची एक बाजू पूर्ण शांत ठेवावी. तिथे बोट नाही, भोंगा नाही, फटाका नाही. सारस पक्षी तर धानाच्या बांधीतच घरटे करतो आणि महाराष्ट्रात तो आपल्या गोंदिया-भंडारा भागातच मुख्यतः उरला आहे. घरट्याचा ठिकाणा कोणत्याही पाहुण्याला सांगू नये, मग त्याने कितीही पैसे दिले तरी.

४. घाण कुठे जाणार?

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून अंभोऱ्याजवळ वैनगंगेला येते. त्याचा त्रास आपण भोगतो, जलपर्णी माजते, मासेमाराचे जाळे जड होते. वरच्याने घाण सोडली की खालच्याला काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको. मग आपणही खालच्या गावाच्या घाटावर तेच पाठवायचे का?

* प्रत्येक पाहुणाघराला सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असावा. तो विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट, लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा.
* प्लॅस्टिकच्या पत्रावळी, पेले बंद. पळसाच्या पानांची पत्रावळ आपल्या रानात आहे, बचत गटाला कामही मिळेल.
* पाहुण्याने आणलेली बाटली-पिशवी त्यानेच परत न्यावी. गेटवर अनामत ठेवून घेतली की आठवण बरोबर राहते.
* पोहण्याची किंवा बोटीची जागा ठरवण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

नावेबद्दल एक कडक सूचना. जानेवारी २०२४ मध्ये याच वैनगंगेत, खाली चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली आणि काहींचा जीव गेला. आपल्या ढिवर बांधवांइतकी नदी कोणाला कळत नाही, तरी पाहुण्याला पोहता येते की नाही हे आपल्याला ठाऊक नसते. जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही डोंग्यात घेऊ नये. ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त नको. धरणाची दारे उघडण्याचा इशारा असेल त्या दिवशी धंदा बंद.

५. पैसा गावात राहिला तरच फायदा

गळक्या पाटातून कितीही पाणी सोडा, शेवटच्या बांधीला पोचत नाही. पर्यटनाच्या पैशाचे असेच होते. एक हिशेब करून पाहू. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा गावात १० घरांनी प्रत्येकी २ पाहुण्यांची सोय केली आणि वर्षात ६० रात्री ती भरली. एकूण मुक्काम झाले १,२००. जेवणासह माणशी ८०० रुपये धरले तर वर्षाला ९ लाख ६० हजार रुपये गावात आले.

आता शिधा सगळा शहरातून आणला आणि माणशी ४०० रुपये त्यात गेले, तर ४ लाख ८० हजार आल्या वाटेने परत गेले. तेच तांदूळ, लाखोळीची डाळ, भाजी, अंडी, मासे गावातच घेतले आणि तेल-साखर-मसाल्यापुरते माणशी १५० रुपये बाहेर गेले, तर बाहेर जातात १ लाख ८० हजार. फरक ३ लाखांचा. तो भाजीवालीला, कोंबड्यावाल्याला, मासेमाराला मिळतो. ज्यांच्या घरी एकही पाहुणा उतरला नाही त्यांनाही मिळतो.

मिळकतीतला दहावा हिस्सा गावनिधीत टाकला तर ९६ हजार जमतात. त्यातून संडास, झाडलोट आणि तलावातले बेशरम काढण्याचे काम होते. एका घराच्या वाट्याला शिधा आणि गावनिधी वजा जाता ३८ हजारांच्या आसपास उरतील. चादरी, वीज, डागडुजी त्यातूनच. म्हणजे जोडपीक म्हणून चांगले, पण त्यावर घर चालणार नाही. पहिल्या कलमात सांगितले ते याचसाठी.

पाहुण्याला विकायला आपल्याकडे काय आहे तेही ओळखा. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. अर्धा-एक किलोच्या पिशवीत तो घरूनच विकता येतो. मोहाडी-आंधळगावचा कोसा आणि करवतकाठी, भंडाऱ्याची पितळी भांडी, तलावातला शिंगाडा, हिवाळ्यात वालाच्या शेंगा. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. तो इतिहास नीट सांगू शकणारी पाच-सहा मुले-मुली गावातच तयार झाली पाहिजेत.

आणि जमीन? जमीन विकू नका. काठची दोन एकर विकून आलेला पैसा लग्नात आणि मोटरसायकलीत जातो, आणि मग त्याच जमिनीवर मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहतो. भागीदारी करायचीच असेल तर मुदतीच्या लेखी कराराने द्या. मालकी सातबारावर आपलीच राहिली पाहिजे. पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग २ ची असते. ती परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तलाठ्याकडून सातबारा वाचून घ्या.

६. शेतीच्या वेळापत्रकात बसवा

* जून ते ऑगस्ट : पऱ्हे, चिखलणी, रोवणी. मुक्कामी पाहुणे बंद. रोवणी पाहायला शाळेची एखादी सहल चालेल, तीही धुऱ्यावरून.
* सप्टेंबर-ऑक्टोबर : दुरुस्ती, साफसफाई, मुलांचे प्रशिक्षण.
* नोव्हेंबर : कापणी-मळणी. फार थोडे पाहुणे.
* डिसेंबर ते फेब्रुवारी : खरा हंगाम. हात रिकामे, पक्षी आलेले, तलावात पाणी.
* मार्च ते मे : पाणी पाहून आकडा कमी करा. मोहफूल वेचणे, तेंदूपाने तोडणे ही आपली कामे आधी.

७. सुरुवात कशी करावी?

पहिले काम ग्रामसभेचे. पाहुण्यांचा आकडा, बंद जागा, गावनिधीचा हिस्सा, दारूबंदी-भोंगाबंदीचे नियम ठराव करून इतिवृत्तात लिहावेत. दुसरे, एकट्या गावाने न थांबता काठावरच्या पाच-सहा गावांनी मिळून बसावे. सगळ्यांनी बोटीच आणल्या तर भाव पडतो, सगळ्यांनी टोमॅटो लावल्यावर पडतो तसा. एका गावाने इतिहास, एकाने पक्षी, एकाने कोसा, एकाने नुसते शेतातले जेवण असे वाटून घ्यावे. तिसरे, मच्छीमार संस्था आणि महिला बचत गट यांना समितीत जागा द्यावी. चौथे, नोंदणी. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. घरात पाहुणे ठेवण्यासाठी निवास व न्याहारी योजनाही आहे. जेवण विकायचे तर अन्न परवान्याची नोंदणी हवी, आणि प्रत्येक पाहुण्याचे नाव-ओळखपत्र वहीत लिहिलेले हवे.

पहिल्या वर्षी दोन किंवा तीन घरांनीच करून पाहावे. नवे वाण आपण आधी एका बांधीतच लावून पाहतो ना?

शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

*पक्के घर, एसी नसेल तर पाहुणा येईल काय?*
येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात समुद्री कासवाची पिल्ले पाहायला माणसे येतात, गावकऱ्यांच्या घरांतच उतरतात आणि घरचेच जेवतात. स्वच्छ संडास, मच्छरदाणी, उकळलेले पाणी आणि स्वच्छ अंथरूण एवढे मात्र पाहिजेच.

*आमचे घर काठापासून लांब आहे. आमचा काय फायदा?*
धान्य, भाजी, दूध, पत्रावळी पुरवण्याचे काम आणि गावनिधीतून होणारी कामे. दर ठरावानेच पक्के करून घ्या, म्हणजे भांडण राहत नाही.

*पाहुणे दारू पिऊन धिंगाणा घालतात, त्याचे काय?*
नियमाची पाटी गावाच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात लावा आणि पैसे घेण्याआधी वाचून दाखवा. न पाळणाऱ्याला पैसे परत देऊन वाटेला लावा. एक पाहुणा गेला तर चालेल; लेकीबाळींना घाटावर जायची भीती वाटू लागली तर चालणार नाही.

बंधू-भगिनींनो, नदी आपल्या आजा-पणजाच्या आधीपासून वाहते आहे आणि नातवंडांनाही लागणार आहे. पाहुण्याला तिचे रूप दाखवा, दोन पैसे मिळवा, पण तिच्या काठाचा ताबा सोडू नका. पुढच्या ग्रामसभेत हे पत्रक मोठ्याने वाचून दाखवा. त्या दिवशी निदान दोन आकडे वहीत चढवून उठा : गाव हिवाळ्यात किती पाहुणे पेलेल, आणि उन्हाळ्यात किती.